बुडालेली वाटी

"...आणि उठलो की पुन्हा सुरू होतं. असं का, शाबाबा?"

फकिरानं मान वर केली नाही. समोरच्या घंगाळात पाणी होतं, पाण्यावर तांब्याची एक वाटी तरंगत होती, आणि तो त्या वाटीकडे बघत होता.

"काय सुरू होतं?" बऱ्याच वेळानं त्यानं विचारलं.

"खडखड. कानात. माझ्या जिनातली."

विचारणाऱ्याचं नाव हेमराज. तालुक्याच्या गावी त्याचा कापसाचा जिन होता. सरकी काढायची चोवीस यंत्रं सकाळी सुरू झाली की दिवे लागेपर्यंत थांबत नसत. दोन वर्षांपूर्वी ती खडखड त्याच्या कानात शिरली आणि घरजावयासारखी तिथंच राहिली. झोप गेली, अन्नावरची वासना गेली. पोराच्या लग्नात सनई वाजत होती, तेव्हाही याला आपली यंत्रंच ऐकू येत होती.

शेवटी जिन धाकट्या भावावर सोपवून तो निघाला. मठ झाले, आश्रम झाले. कुणी श्वास मोजायला शिकवलं, कुणी नाव घ्यायला. बसायला मात्र तो असा शिकला, की बघणाऱ्यानं बघत राहावं.

"तीन तास बसतो मी, शाबाबा. अंगावर माशी बसली तरी हलत नाही."

"माशीचं बरं झालं," फकीर म्हणाला.

हेमराज हसला नाही.

"बसलेला असतो तोवर खडखड लांब जाते. उठलो की आहेच. इथं जमलं नाही तर घरी परत येणार नाही, असं बायकोला, कलावतीला सांगून निघालोय मी."

"मग? ती काय म्हणाली?"

"ती म्हणाली, जेवायला थांबू की नको तेवढं सांगा."

आता फकीर हसला.

तेवढ्यात वाटी बुडाली. काठोकाठ भरली, क्षणभर थबकली, आणि झोपेत पोरानं उसासा सोडावा तसा आवाज करून घंगाळाच्या तळाला गेली. फकिरानं उठून झाडाला टांगलेल्या काशाच्या थाळीवर टिपरू मारलं. टोला पाटाच्या कडेकडेनं, गव्हाच्या शेंड्यांवरून, दूरवर गेला.

त्यानं वाटी काढली, पालथी करून निथळली, पुन्हा पाण्यावर ठेवली. आणि पुन्हा बसला.

लतीफशा फकिराची झोपडी नदीवरच्या दगडी बंधाऱ्याला लागून होती. बंधाऱ्यातून पाट निघे, आणि पाटाखाली सगळ्या गावाच्या जमिनी एका पट्ट्यात होत्या. त्याला फड म्हणायचे. पाणी एक, वाटेकरी पुष्कळ. म्हणून वाटी. तिच्या बुडाला सुईच्या टोकाएवढं भोक. चुलीवर ठेवलेली डाळ शिजून निवावी, एवढ्या वेळात ती भरायची आणि बुडायची. ज्याच्या वाट्याला जितक्या वाट्या, तितका वेळ पाणी त्याच्या शेतात. वाटी बुडाली की थाळी, थाळी वाजली की मोजणी. ज्याची मोजणी पुरी होई, तो आपलं दारं, म्हणजे पाटातून शेतात पाणी घ्यायचं तोंड, बंद करी आणि खालचा आपलं उघडी.

या फडाचे दोन नेम होते. ज्याची या पाण्याखाली एक वीतही जमीन नाही, त्यानंच वाटी राखायची. आणि वाटी राखणाऱ्याला शेतातून हाक मारायची नाही. हाका सुरू झाल्या, तर मोठ्या गळ्याच्या माणसाला पाणी जास्त मिळेल, असं जुन्या माणसांना वाटलं होतं.

हेमराज तीन आठवडे राहिला. अंगण झाडलं, लाकडं आणली. रोज एकदा म्हणे, "शाबाबा, मला काहीतरी साधना द्या."

फकीर रोज एकदा म्हणे, "बघू..."

फाल्गुन लागला. गहू ओंबीवर आला, ओंबीत दूध भरलं. याच वेळी शेवटचं पाणी लागतं. ते मिळालं तर दाणा टपोरा होतो. नाही मिळालं तर चिमतो, आणि मग बारा दिवसांनी, पुढच्या पाळीला, नदी आणून ओतली तरी भरत नाही.

त्या पाळीच्या शेवटच्या दिवशी सकाळी नदीपलीकडून निरोप आला. फकिराचा गुरुबंधू अंथरुणाला खिळला होता.

फकिरानं खांद्यावर चादर टाकली.

"हेमराज, साधना मागत होतास ना?"

हेमराज ताठ झाला.

"आज वाटी तू बघ. बुडाली की थाळी वाजव."

"...एवढंच?"

"एवढंच. दोघंच राहिलेत. आधी सुकलालच्या तीन वाट्या, मग गोजरबाईच्या दोन. उन्हं उतरली की पाणी खालच्या गावाचं. त्यांचा माणूस येऊन पाट फिरवून नेतो."

फकीर नदीत उतरला आणि पलीकडे गेला. हेमराज मनात खट्टू झाला. हे तर गुरं राखणाऱ्या पोराचं काम. तरी तो बसला. पाठ सरळ, डोळे अर्धे मिटलेले, वाटीवर.

पहिली वाटी बुडाली. त्यानं थाळी वाजवली. दुसरी बुडाली. वाजवली.

तिसरी वाटी त्यानं पाण्यावर ठेवली तेव्हा दुपार झाली होती. बंधाऱ्यावरचे बगळे एका पायावर उभे होते. घंगाळातल्या पाण्यात आभाळ उतरलं होतं, आणि आभाळात वाटी. भोकातून येणारं पाणी वाटीच्या तळाशी एवढंसं कारंजं करत होतं. ते मोत्याएवढं होतं. मग ते पाण्याखाली गेलं. मग दिसेनासं झालं.

आणि खडखड थांबली.

लांब गेली नाही. थांबली. चोवीसच्या चोवीस यंत्रं एकाएकी उभी राहिली. कापसाचे पुंजके हवेत तरंगत राहिले आणि खालीच येईनात. दोन वर्षांत पहिल्यांदा हेमराजला वारा ऐकू आला. गव्हातून चालत येणारा वारा. बगळ्यानं पाय बदललेला ऐकू आला. आपण कुठं संपतो आणि पाणी कुठं सुरू होतं, ते त्याला कळेना, आणि कळायची गरजही वाटेना.

वाटी बुडाली.

ती तळाला गेलेली त्यानं पाहिली. तिथं ती पडली होती, स्वच्छ, लाल, शांत. लांब, दुसऱ्याच कुणाच्या तरी गावात काहीतरी घडावं, तसं ते वाटलं.

उठलो तर हे जाईल... असं कुणीतरी त्याच्या आत म्हणालं.

तो उठला नाही.

सावल्या लांबल्या. घंगाळातलं आभाळ पिवळं झालं, मग गुलाबी. खालच्या गावचा माणूस आला, पाट फिरवला, समाधी लागलेल्या माणसाला लांबूनच हात जोडून निघून गेला. हेमराजनं त्याला पाहिलं आणि पाहिलं नाही.

मग पाण्यात एक चेहरा दिसला. पांढरी दाढी.

"शाबाबा," हेमराजचे डोळे भरून आले होते. "मिळालं मला."

फकिरानं घंगाळात पाहिलं.

"किती बुडाल्या?"

"दोन... आणि ही तिसरी."

"ही कधी बुडाली?"

हेमराजनं आभाळाकडे पाहिलं. पश्चिमेला वीतभर दिवस उरला होता.

"कळलं नाही तुला?"

कळलं नाही म्हणणं सोपं होतं. समाधी लागली होती म्हटलं असतं तर कुणीही पाया पडलं असतं.

"...कळलं होतं," हेमराज म्हणाला.

बाही वर सारून फकिरानं वाटी काढली, पालथी केली. बराच वेळ ती निथळत राहिली. मग ती काखेत मारून तो पाटाच्या कडेनं चालू लागला, आणि हेमराज त्याच्यामागून.

पहिल्यांदा सुकलालचं शेत लागलं. गुडघाभर उंच बांधात पाणी नुसतं उभं होतं. सुकलाल बांधावर बसून विडी ओढत होता. पन्नाशीचा, अंगानं भरलेला.

"या शाबाबा. आज तुमच्या शेठनं आम्हाला भरभरून दिलं."

"दारं का नाही बंद केलंस, सुकलाल?"

"थाळी कुठं वाजली? वाजली असती तर बंद केलं असतं. हाक मारायची नाही, हा नेम. मी नेम मोडला नाही, चोरी केली नाही." त्यानं विडी झटकली. "आलेलं पाणी माझं."

फकीर पुढं गेला.

फडाच्या शेपटाला, थोड्या उतारावर, गोजरबाईचा तुकडा होता. गोजरबाई साठीची, एकटी. पाटाच्या दाराशी फावडं टेकवून ती उभी होती. सकाळपासून उभी होती. मान एका बाजूला कललेली, कान बंधाऱ्याकडे. माणसं समोर येऊन उभी राहिली तरी तिची मान तशीच होती, जणू कानाला अजून सांगायचं राहिलं होतं की आता ऐकू नकोस.

तिच्या पायाखालच्या जमिनीला भेगा पडल्या होत्या.

"ध्यान उतरलं का, शेटजी?" ती म्हणाली. "की अजून एखादी वाटी बसायचंय?"

हेमराजनं मान खाली घातली.

"नाही, आपलं विचारलं. मला काय, मी उभीच आहे. पाय मेले दोन्ही, ते आता कुठं जातात."

"मावशी, तुम्ही ओरडला का नाहीत? एकदा तरी..."

"ओरडायचं नसतं भाऊ. वाट बघायची असते. वाटीवर बसलेला माणूस आपला नसतो नि परकाही नसतो, म्हणून तर त्याला बसवतात." ती थांबली. "वाटलं, थाळी वाजली आणि मलाच ऐकू आली नाही. म्हातारपणाचे कान..."

हेमराज तिच्या कललेल्या मानेकडे बघत राहिला. ही मान त्यानं पाहिली होती. एकदा नाही, रोज पाहिली होती.

"शाबाबा," तो हळूच म्हणाला, "माझ्या जिनात साठ बायका आहेत. दुपारी भाकरीच्या सुट्टीचा भोंगा होतो. भोंग्याची वेळ झाली की त्यांच्या माना अशाच व्हायच्या. सगळ्यांच्या. हात कापसात आणि कान भोंग्याकडे."

"मग?"

"जिनातलं घड्याळ मी पाव तास मागं ठेवलं होतं."

वाऱ्याची एक झुळूक गव्हावरून गेली.

"पाव तासानं काय होतंय, असं वाटायचं. त्यातली एक लेकुरवाळी होती. दुधानं तिचा पदर भिजायचा. पोर बाहेर झाडाखाली रडायचं, ती भोंग्याकडे बघायची. मी वरच्या खिडकीतून..." तो थांबला. "मला माहीत होतं. बुडालेली वाटी दिसावी, तसं दिसत होतं."

फकिरानं वाटी गोजरबाईच्या हातात दिली. पायातल्या वहाणा काढल्या. धोतर खोचून तो उलट सुकलालच्या शेताकडे गेला आणि बांध ओलांडून सरळ गव्हात शिरला. पोटरीपर्यंत रुतला.

"अहो शाबाबा, पीक आहे ते," सुकलाल उठून उभा राहिला.

फकिरानं दोन बोटांत गव्हाचं एक ताट धरलं आणि उचललं. ते ओढावं लागलं नाही. लोण्यातून केस यावा तसं मुळासकट वर आलं.

तसाच चिखलानं भरलेला तो गोजरबाईच्या तुकड्यात गेला. तिथलं एक ताट धरलं आणि ओढलं. मूळ हललं नाही. ताट मधेच कडकन मोडलं.

दोन्ही ताटं एका मुठीत धरून तो बांधावर येऊन बसला.

सुकलालनं एकदा मुठीकडे पाहिलं, एकदा पश्चिमेकडे. संध्याकाळचा वारा उठत होता. नदीवरून तो निघाला, बोरीच्या झुडपांत घुटमळला, मग फडावर आला. गोजरबाईचा गहू सळसळला आणि उभा राहिला. सुकलालचा गहू वाकला. त्याच्या खालच्या कोपऱ्यातली चारपाच हात रुंद पट्टी, झोप आलेल्या माणसानं अंथरुणावर अंग टाकावं तशी पाण्यावर आडवी झाली. आणि उठली नाही.

सुकलालच्या हातातली विडी विझली होती.

"आप्पा," गोजरबाई त्याला म्हणाली, "विडी नंतर पेटवा. सगळा लोळेल."

"पाणी काढू कुठं मी? पाटाकडं चढ आहे."

गोजरबाईच्या तुकड्याकडे उतार होता. तो सगळ्यांना दिसत होता.

"बांध फोडला तर उद्या जो तो म्हणेल..." सुकलालनं सुरुवात केली. वारा पुन्हा आला. आणखी एक पट्टी बसली. त्यानं वाक्य तिथंच टाकलं आणि फावडं उचललं.

हेमराजनं गोजरबाईपुढे हात केला. तिनं त्याच्या गुबगुबीत तळव्यांकडे पाहिलं, मग आपलं फावडं त्याला दिलं.

वरून सुकलाल, खालून हेमराज, असा बांध फुटू लागला. हेमराजनं जन्मात कधी फावडं धरलं नव्हतं.

"शेटजी, पंगतीत वाढल्यासारखं काय करताय," सुकलाल धापा टाकत म्हणाला. "घाव घाला."

"पंगतीतच वाढतायत ते," गोजरबाई म्हणाली. "उशिरा का होईना."

सुकलाल खुदकन हसला, आणि मग आपण हसलो याचा त्याला राग आला. तळहाताला फोड आले, फुटले. हेमराजला ते पुष्कळ वेळानं कळलं.

शेवटचं ढेकूळ निघालं. पाण्याची एक जीभ बाहेर आली, थांबली, वाट हुंगल्यासारखी इकडेतिकडे झाली. आणि मग उताराला लागली.

चौघंही बांधावर बसले.

दिवस मावळला होता, पण उजेड अजून गेला नव्हता. त्या उजेडात पाणी सरीसरीतून चाललं होतं, कुणाला जागं न करता घरात शिरणाऱ्या माणसासारखं. भेगांत ते उतरायचं तेव्हा बारीक आवाज व्हायचा. चुस्स... चुस्स... हजार तोंडं एकदम पीत असल्यासारखा. वर सुकलालच्या शेतात पाणी उतरत होतं आणि मातीचा काळा रंग वर येत होता. त्याचा दोन पट्ट्यांएवढा गहू गेला तो गेला. गोजरबाईच्या तुकड्यातही वरच्या कोपऱ्यात पाणी चढलंच नाही. तेवढा कोरडा राहिला. बाकीचा भिजला.

गोजरबाईची मान सरळ झाली होती.

"चला," ती उठली. "सकाळची भाकरी फडक्यात तशीच आहे. चौघांत मोडू. आप्पा, तुमच्याकडे कांदा असेल."

"आहे," सुकलाल म्हणाला. थोडं थांबून म्हणाला, "पुढच्या वेळी थाळी वाजली नाही, तर मी येऊन बघून जाईन. हाक नाही मारणार. नुसतं बघून जाईन."

भाकरीचा चतकोर खाताना हेमराजच्या ध्यानात आलं, की बांध फोडायला घेतल्यापासून आपण कानाकडे लक्षच दिलेलं नाही. त्यानं आता लक्ष दिलं. खडखड होती की नव्हती, ते त्याला नीट सांगता आलं नसतं. पाणी मात्र ऐकू येत होतं.

दुसऱ्या दिवशी उजाडताच त्यानं वळकटी बांधली.

फकीर घंगाळ घासत होता. पाणी खालच्या गावाला गेलं होतं, बारा दिवस वाटीला काम नव्हतं. ती झोपडीच्या उंबऱ्यावर उन्हात ठेवलेली होती. हेमराजनं तिच्याकडे पाहिलं.

"काल दुपारी मला जे मिळालं, शाबाबा... ते खोटं होतं का?"

"चव कशी होती?"

"गोड. अशी गोडी कधी चाखली नव्हती."

"मग खोटं कशाला म्हणतोस?"

"पण मावशी उभी होती..."

"हो," फकीर म्हणाला. "उभी होती."

त्यानं घंगाळ पालथं घातलं. बगळे नदीवरून उडत गेले.

"ही वाटी मला द्याल? गावातला तांबट तुम्हाला नवी करून देईल. मी घरी नेईन. रोज पहाटे समोर ठेवून बसेन. पुन्हा तिथं पोहोचेन."

फकिरानं वाटी उचलली. उजेडाकडे धरून बुडाच्या भोकातून एका डोळ्यानं हेमराजकडे पाहिलं. मग ती आत नेऊन फळीवर ठेवली.

बाहेर आला तेव्हा त्याच्या हातात थाळीचं टिपरू होतं. बाभळीचं, मुठीच्या जागी पिढ्यान्‌पिढ्यांच्या हातांनी झिजून गुळगुळीत झालेलं. ते त्यानं हेमराजच्या फोड आलेल्या तळहातावर ठेवलं आणि त्याची बोटं एकेक करून त्यावर मिटवली.

हेमराज गोंधळला.

"टिपरू?"

फकिरानं मान डोलावली.

"आणि बारा दिवसांनी पाळी येईल तेव्हा? इथं थाळी कशानं वाजवाल?"

झाडाला टांगलेली थाळी वाऱ्यावर हळूहळू फिरत होती. फकीर तिच्याकडे बघत राहिला.

"तू तिकडे जिनात वाजव," तो म्हणाला. "इथं ऐकू येईल."